वर्गातली हवा खरंच बदलते का? मोजा, मग खिडक्या-पंख्यांचं ठरवा

छताचा पंखा वर्गातली तीच हवा ढवळतो, बाहेरची आत आणत नाही. हवा बदलली नाही की श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, म्हणून आधी तो मोजा. मीटर घेताना सेन्सर 'एनडीआयआर' (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा) आहे ना, एवढं बघाच. बरीच स्वस्त यंत्रं दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात आणि सॅनिटायझर लावला तरी त्यांचा आकडा उसळतो. अर्धा तास मैदानात ठेवलं की मीटरने ४२० ते ४५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास दाखवायला हवं. वर्गात ते बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, खिडकीपासून आणि कुणाच्याही तोंडापासून मीटरभर लांब. दुसरा तास संपताना आकडा १००० च्या आत असला तर ठीक. १५०० ओलांडला तर हवा कोंडली आहे.

पहिला उपाय फुकटचा. समोरासमोरच्या भिंतींतल्या खिडक्या एकाच वेळी उघड्या हव्यात. व्हरांड्याकडची वरची झडप अनेकदा रंगाने चिकटलेली किंवा पुठ्ठ्याने बुजवलेली असते. गरम हवा तिथूनच बाहेर पडते, ती मोकळी करा. खिडकीला टेकलेलं कपाट हलवा, डासांची जाळी धुवा. पावसात झोडपणारी बाजूच तेवढी बंद करा.

खिडक्या एकाच भिंतीत असतील तर एक्झॉस्ट फॅन लागेल. माणशी सेकंदाला १० लिटर धरा: ४० मुलं आणि एक शिक्षक म्हणजे ४१० लिटर, तासाला सुमारे १,५०० घनमीटर. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी-झडप बसली की तो घटतो. थोडा मोठाच घ्या. मात्र फार आवाज करणारा नको, शिकवताना तो हमखास बंद होतो. सगळ्यात जास्त चूक जागेत होते: फॅनशेजारची खिडकी उघडी राहिली की तिचीच हवा लगेच बाहेर जाते आणि मागच्या बाकांपर्यंत ताजी हवा पोहोचतच नाही. हवा समोरच्या टोकाने आत येऊ द्या, पण शौचालयाच्या किंवा पोषण आहाराच्या चुलीच्या बाजूने नको.

मग पडताळा घ्या. शाळा सुटल्यावर सगळे बाहेर, खिडक्या-फॅन वर्ग चालू असताना असतात तसेच. आकडा १६०० असेल तर बाहेरच्यापेक्षा (४२० धरून) ११८० जास्त. त्याचे ३७ टक्के, म्हणजे साधारण ४४०, उरले की मीटर ८६० दाखवेल. तिथवर यायला लागलेला वेळ म्हणजे हवा एकदा बदलायला लागणारा वेळ: २० मिनिटं लागली तर हवा तासाला ३ वेळा बदलते.

धूळ या मीटरला कळत नाही. शाळा रहदारीच्या रस्त्यालगत असेल तर त्या बाजूऐवजी मैदानाकडून हवा घ्या, आणि फळा ओल्या फडक्याने पुसा.