पारा सांडला तर झाडू नको

इंदूरला आमच्या रामबागेत येणाऱ्या कचरागाडीला सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक कचरा. हा शेवटचाच नेमका विसरला जातो. सीएफएल दिवे, संपलेले सेल, मुदत उलटलेली औषधं, रंगाचे डबे, झुरळांच्या औषधाची बाटली, सगळं त्यात.

खरी तारांबळ उडते ती काचेचा थर्मामीटर फुटल्यावर. आधी मुलांना खोलीबाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा. झाडू मारलात की पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन पसरतात, वाफही वाढते. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र ढकला, उरलेसुरले चिकटपट्टीने टिपा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा. बेसिनमध्ये मुळीच ओतू नका.

आजोबांच्या इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, बूच घट्ट लावून. नुसत्या पिशवीत बांधल्या तर गाडीवरच्या दादाला टोचतात. बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘सुई’ लिहा. हिंदीतही शब्द तोच.