समलिंगी विवाहावरील जनमताचे प्रदेशवार आकडे वाचताना या चुका टाळा

समलिंगी विवाहाला कोणत्या भागात किती पाठिंबा आहे हे दाखवणाऱ्या नकाशांवरून बहुधा एकच निष्कर्ष काढला जातो : शहरे अनुकूल, खेडी प्रतिकूल. तो तपासायला ऑस्ट्रेलियातील २०१७ची टपाली पाहणी फार उपयोगी आहे, कारण तेथे मोजक्या लोकांना विचारून अंदाज बांधलेला नव्हता. यादीतील प्रत्येक मतदाराला प्रश्नपत्रिका पाठवली होती आणि ७९.५ टक्के लोकांनी ती भरून परत केली. देशभरात ६१.६ टक्के उत्तरे ‘हो’ अशी आली.

१५० मतदारसंघांपैकी १७ ठिकाणी ‘नाही’चे बहुमत झाले आणि त्यांतील तब्बल १२ सिडनी महानगरातले होते. ब्लॅक्सलँडमध्ये ७३.९ टक्क्यांनी नकार दिला, तर त्याच महानगराच्या मध्यभागी असलेल्या ‘सिडनी’ मतदारसंघात ८३.७ टक्क्यांनी होकार दिला. क्वीन्सलँडच्या ग्रामीण पट्ट्यातील मॅरनोआ आणि केनेडी यांनीही नकार दिला हे खरे. पण बहुतेक ग्रामीण मतदारसंघ होकाराच्या बाजूने गेले. न्यू साउथ वेल्सची ५७.८ ही राज्यांतील सर्वांत कमी टक्केवारी पाहून ‘हे राज्य सनातनी’ असे म्हणणाऱ्याने म्हणूनच आधी राज्याच्या आत डोकावावे. दोनच रंगांचे नकाशेही टाळावेत, त्यांत ५०.२ टक्के नकाराचे बेनेलाँग आणि ७३.९ टक्क्यांचे ब्लॅक्सलँड एकसारखेच रंगतात. आयर्लंडच्या २०१५च्या सार्वमतात ‘नाही’ म्हणणारा एकमेव मतदारसंघ रॉसकॉमन–साउथ लीट्रिम होता, पण तेथेही जवळजवळ ४९ टक्के मते होकारार्थी पडली होती.

सर्वांत घातक चूक म्हणजे प्रदेशाचा आकडा एखाद्या समाजाच्या माथी मारणे. भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या पॅरामाटा मतदारसंघात ६१.६ टक्के उत्तरे नकारार्थी होती. एवढ्यावरून ‘तिथल्या भारतीयांनी विरोध केला’ असे सर्रास लिहिले जाते. ही उत्तरे गुप्त होती. किती जणांनी प्रतिसाद दिला हे वय आणि लिंग यांनुसार जाहीर झाले, मात्र कोणत्या समाजाने कोणते उत्तर दिले याची नोंदच झालेली नाही. उरलेले ३८.४ टक्के कोण होते, हेही त्या आकड्यातून कळत नाही.

होकाराची टक्केवारी नेहमी प्रतिसादाच्या टक्केवारीशेजारी ठेवून वाचावी. नॉर्दर्न टेरिटरीतील लिंगियारीत होकार ५४.५ टक्के होता खरा, परंतु उत्तरे जेमतेम निम्म्याच मतदारांनी पाठवली होती.

भारताबाबतची चूक वेगळी आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९च्या पाहणीतील ३७ टक्के आणि २०२३च्या पाहणीतील ५३ टक्के हे आकडे शेजारी मांडून ‘चार वर्षांत सोळा अंशांची उडी’ असे सांगितले जाते. पहिल्या वेळी प्रश्न समाजाने समलैंगिकतेचा स्वीकार करावा का, असा होता. दुसऱ्या वेळी समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेविषयी विचारले होते. तुलना करायची तर प्रश्न एकच हवा. शिवाय ५३ टक्के हा अखिल भारतीय आकडा आहे आणि तो राज्याराज्यांत वाटून देता येत नाही. त्यासाठी प्रत्येक राज्यातून पुरेसे लोक स्वतंत्रपणे निवडून त्यांना विचारावे लागते. त्यामुळे याच आकड्याच्या आधारे ‘महाराष्ट्र पुढे, अमुक राज्य मागे’ असा मथळा कोणी दिला असेल, तर त्या राज्यातील किती जणांना विचारले होते, एवढे आधी शोधावे.