तंगूस कुठे तुटला ते आधी बघा, नवा रोल नंतर घ्या

मागच्या हिवाळ्यात आम्ही बडवाहच्या पुढे नर्मदेवर मासे धरायला गेलो होतो, इंदूरहून पहाटे साडेचारला निघून, सिमरोल मग भेरूघाट उतरून, आणि त्या एका दिवसात माझी लाईन, म्हणजे गळाचा तंगूस, तीनदा तुटली. तिन्ही वेळा मासा लागला, पहिली धाव मारली, रील वाजलं आणि टप्प. काका म्हणाले, "अरे तंगूसच हलका आहे तुझा, जाड घे." पुढच्या वेळी 0.30 मिलिमीटरच्या जागी 0.40 ची लाईन भरून गेलो, तीही तशीच तुटली. तेव्हा घरी आल्यावर ट्यूबलाईटखाली दहा-पंधरा मीटर लाईन बोटांतून हळूहळू ओढून बघितली तर एकाच बाजूने पांढरी पडलेली, चपटी झालेली, अगदी किसणीवर घासल्यासारखी. म्हणजे लाईनचा काही दोष नव्हता, रीलवर जिथून लाईन वळते तो छोटा रोलर जाम झाला होता आणि त्याच्यावर बारीक खाच पडली होती. जाड लाईन घेतली काय नि पातळ घेतली काय, त्या खाचेवरून गेली की ती सोलणारच.

म्हणून सांगतो, लाईन तुटली की हातात जे टोक राहतं ते फेकू नका, पाकिटात ठेवा आणि घरी भिंगाखाली नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा. कशाने तुटली ते बहुतेक वेळा त्या टोकावरच दिसतं.

टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल पिळलेलं असेल तर लाईन तुटलेलीच नाही, गाठ सुटली आहे, लाईन गाठीतून सरकत सरकत बाहेर आली. हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि लोक सगळ्यात जास्त वेळा त्यालाच "लाईन कच्ची" म्हणतात. टोक पिळलेलं नाही पण बरोबर गाठीपाशीच तुटलं असेल तर गाठ सुटली नाही, ती आवळताना भाजली. नायलॉन कोरडा असताना झटक्याने आवळला की घर्षणाने गरम होतो आणि तिथेच कमजोर पडतो, फ्लुरोकार्बनच्या लाईनमध्ये तर हे फार होतं. तेव्हा गाठ आवळण्याआधी थुंकी लावा, पाणी लावा, आणि हळू, सारख्या जोराने ओढा. टोक कापताना अगदी मुळाशी कापू नका, दोन-तीन मिलिमीटर राहू द्या.

टोक खरबरीत, पांढुरकं, आणि त्याच्या वरचा हात-दोन हात भागही ओरखडलेला असेल तर खाली दगड आहे. आपल्याकडे नर्मदेच्या पात्रात काळा बेसाल्ट आहे, कडा धारदार असतात, धरणांच्या पाण्यात बुडालेली झाडांची खोडं असतात, शिंपल्याही असतात. ताणलेली लाईन दगडाला नुसती टेकली तरी पुरतं, आणि ब्रेड (बारीक धागे विणून केलेली लाईन) असेल तर बघायलाच नको, कारण ब्रेड सरळ ओढायला एवढी ताकदवान असली तरी ताणावर असताना धारेवर घासली की एकेक धागा कापला जातो. अशा जागी पुढे दीड-दोन मीटरचा जाड मोनोचा (साध्या एकपदरी नायलॉनचा) नाहीतर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे पुढचा वेगळा तुकडा, लावाच, आणि दर तीन-चार फेकीनंतर शेवटचा हातभर भाग ओठांवरून किंवा दोन नखांमधून ओढून बघा. बोटाला कळत नाही ते ओठाला कळतं. खरखरीत लागलं की तेवढं कापा आणि नवी गाठ मारा, कंटाळा करू नका.

टोक अगदी सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर मग विचार करावा लागतो. मरळ, शिवडा असले मासे असतील तर दात, कारण त्यांच्या जबड्यात दात असतात. पण रोहू, कतला, महसीर यांच्या जबड्यात दात नसतातच, त्यांचे दात आत घशात असतात, मासा गळ खोल गिळला तरच लाईन तिथपर्यंत जाते. तेव्हा पिठाच्या गोळ्यावर रोहूसाठी बसलात आणि लाईन साफ कापली गेली, तर माशाच्या दाताला दोष देण्याआधी रॉडच्या कड्या, ज्यांतून लाईन जाते त्या, तपासा. कडीच्या आतली सिरॅमिकची रिंग तडकली, किंवा रॉड गाडीच्या डिकीत आपटून ती निखळून गेली आणि नुसती धातूची कडी राहिली, की ती पात्यासारखं काम करते. डोळ्याला चीर दिसत नाही, त्यासाठी कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा मोजा प्रत्येक कडीतून सगळ्या बाजूंनी फिरवा, जिथे धागा अडकतो तिथे चीर आहे. टोकाच्या कडीपासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त मार तिलाच बसतो. चीर पडलेली कडी पॉलिश पेपरने घासून चालवू नका, सिरॅमिक असं नीट होत नाही, कडी बदलून घ्या.

आता लाईन तुटली नाही पण पिंजते आहे, तर ती कुठे पिंजते ते मोजा. नुसत्या शेवटच्या मीटर-दोन मीटरमध्ये असेल तर दगड नाहीतर गळाजवळ वजनाला लावलेलं शिसं. मोठ्या लांबीवर, सलग, एकाच बाजूने असेल तर कडी किंवा रोलर, म्हणजे माझं झालं तसं. रोलर तपासायचा तर लाईन त्याच्यावर ठेवून हाताने ओढा, रोलर फिरला पाहिजे, लाईन त्याच्यावरून नुसती घसरत असेल तर तो जाम आहे. वाळू आणि पिठाचा चिकटा आत जाऊन बसतो. स्क्रू खोलून साफ करा, एक थेंब मशीनचं तेल, आणि नखाने खाच लागते का बघा, खाच असेल तर रोलर बदलायचा. स्पूलच्या (लाईन गुंडाळलेली असते त्या फिरकीच्या) काठावरूनही बोट फिरवा, रील एकदा दगडावर पडलं असेल तर काठाला टवका उडालेला असतो आणि प्रत्येक फेकीला लाईन त्याच्यावरूनच जाते.

एकाच ठिकाणी खोल खूण असेल तर ती बहुतेक आपणच केलेली असते. चिमटा-शिसं दाताने किंवा पक्कडीने जोरात दाबलं की मोनोला तिथे खळगा पडतो. सरकतं शिसं असेल तर प्रत्येक फेकीला ते गाठीवर येऊन आपटतं, मध्ये एक रबरी किंवा प्लास्टिकचा मणी घाला, काम संपलं. आणि फेकताना लाईनला आपोआप एक साधी गाठ पडते ती, ती राहिली की ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते, ती दिसली की सोडवत बसू नका, तिथून कापा.

लाईन स्वतःहून गुंडाळ्या होऊन उड्या मारत असेल तर तो पीळ आहे. मासा लाईन ओढून नेतोय, ड्रॅग (जोराची ओढ बसली की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) वाजतोय, आणि आपण घाबरून हँडल फिरवतच राहतो, स्पिनिंग रीलला पीळ तिथेच भरतो, एकेका फेऱ्याला. ड्रॅग वाजत असेल तोवर हँडल थांबवा, रॉड वर घ्या, मग खाली आणताना गुंडाळा. फिरणारं आमिष (स्पिनर) वापरत असाल तर स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारा जोड, लावा.

ड्रॅगबद्दल तर मला कळवळूनच सांगायचंय कारण चांगले चांगले लोक तो बोटाच्या अंदाजाने लावतात. घरी सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना, तो लाईनच्या टोकाला बांधा, रॉड नेहमीसारखा तिरका धरा, आणि कुणाला तरी तो काटा ओढायला सांगा. ज्या आकड्याला रील सुटायला लागतं तो आकडा लाईनवर लिहिलेल्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश हवा, म्हणजे 6 किलोच्या लाईनला 2 किलो. पूर्ण 6 वर लावलात तर गाठ आधीच थोडी कमजोर, त्यात नायलॉन पाणी पिऊन 10 ते 20 टक्के आणखी हलका होतो, मग मोठा मासा एका झटक्यात तोडणारच. जिथे लाईन ताणून-ताणून तुटते तिथे टोक पातळ झालेलं आणि थोडं कुरळं दिसतं, गाठ सुटल्यासारखं घट्ट पिळलेलं नाही.

गळ खाली अडकला आणि जोर लावून सोडवला, तर सुटला म्हणून तसंच पुढे फेकू नका, मोनो असेल तर तो एवढा ताणला गेलाय की परत मूळ जागी येत नाही, पहिले तीन-चार मीटर काढून टाका. आणि ब्रेड हाताला गुंडाळून कधीही म्हणजे कधीच ओढू नका, बोट कापतं, एखाद्या लाकडाला गुंडाळा आणि सरळ मागे चाला.

आणि शेवटी जुनी लाईन. मे महिन्यात इंदूरची दुपार चाळीसच्या वर जाते आणि आपलं रील स्कूटरच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खोलीत खिडकीशी पडलेलं असतं. ऊन नायलॉन खातं. अशी लाईन हाताला कोरडी, खडूसारखी लागते, आणि साधी गाठ मारून झटका दिला की दोऱ्यासारखी तुटते. तिला औषध नाही, काढून टाका. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळही रील ठेवू नका, ॲसिड नायलॉनला खातं. ब्रेडला उन्हाचा त्रास कमी पण तो स्पूलवर घसरतो, तेव्हा खाली थोडा मोनो भरून मग त्यावर ब्रेड भरा, ताणून भरा, सैल भरला तर मोठ्या माशाच्या ओढीत वरचे फेरे खालच्यांत रुततात आणि तिथेच तुटतं.

काढलेली लाईन काठावर टाकू नका, वीत-वीतभर तुकडे कापून घरी कचऱ्यात टाका. इंदूरचे यशवंत सागर आणि सिरपूर हे तलाव 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आले, तिथे पक्षी आहेत, आणि पायात तंगूस गुंतलेला एक बगळा मी स्वतः पाहिलाय, तो उडू शकत नव्हता.

एरवी हे सगळं बसून करायला वेळ मिळत नाही. पण मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा करा. मोनो असेल तर नवा भरा. ब्रेड चांगला असेल तर तो दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर गुंडाळून उलटा भरा, आतलं न वापरलेलं टोक बाहेर येतं आणि आणखी एक सीझन निघतो. माझ्या काकांच्या रीलचा रोलर मागच्या जुलैत खोलला, आत वाळूच वाळू निघाली.