प्रोटॉनच्या टकरींचा आलेख काढायचा असेल तर

आमच्या सांगलीत एमएस्सीच्या प्रोजेक्टला ‘टकरीची ऊर्जा वाढली की कण किती वाढतात’ हा विषय कुणी ना कुणी घेतंच. आकडे फुकट मिळतात ना! आलेख मात्र बहुतेकांचा एकाच जागी बिघडतो.

लॉग-लॉग कागद आणा, म्हणजे दोन्ही अक्षांवर समान अंतराला समान पट असलेला. एक्सेलला माझी हरकत नाही, पण पहिला आलेख हातानेच काढायला लावते मी. आडव्या अक्षावर ऊर्जा. उभ्यावर प्रोटॉनच्या झोताशी साधारण काटकोनात निघालेले विद्युतभारित कण, स्यूडोरॅपिडिटीच्या (कण झोताशी किती कोनात निघाला ते सांगणाऱ्या मापाच्या) एका एककामागे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचे तीन बिंदू मांडा: ०.९ टीईव्हीला (टीईव्ही हे ऊर्जेचं एकक, एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ३.४८, २.३६ ला ४.४७, ७ ला ५.७८. पट्टी लावा. रेघ जवळजवळ सरळ येते आणि चढ पाव भरतो. म्हणजे कण दुप्पट व्हायला ऊर्जा सोळापट लागते.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या १९६९ च्या मांडणीप्रमाणे हा आकडा पुढे स्थिरावायला हवा होता. तसं झालं नाही, कारण ऊर्जा वाढते तसे प्रोटॉनमधले अगदी थोडा संवेग घेऊन फिरणारे ग्लुऑनही (क्वार्कना बांधून ठेवणारे कण) कामाला येतात, आणि एकाच टकरीत त्यांच्या अनेक जोड्या भिडतात. व्हायव्हात हमखास विचारतात, मग बाकीची ऊर्जा जाते कुठे? मोठा वाटा झोताच्या दिशेनेच निघून जातो. शिवाय कणांचा सरासरी आडवा (झोताशी काटकोनातला) संवेगही ०.९ ते ७ टीईव्हीच्या दरम्यान ०.४६ वरून ०.५४५ जीईव्हीवर (जीईव्ही म्हणजे टीईव्हीचा हजारावा भाग) चढतो, हे विसरू नका.

आता ती बिघडायची जागा. सीएमएसचाच १३ टीईव्हीचा आकडा आहे ५.४९. तो मांडला की रेघ खाली वळते, आणि मुलं ‘कण घटले’ असं लिहून मोकळी होतात! पहिल्या तिन्ही आकड्यांत एक प्रोटॉन अख्खा सुटून जातो त्या टकरी वगळल्या आहेत. त्यांत मधल्या भागात कण कमी निघतात. १३ च्या आकड्यात मात्र सगळ्या अप्रत्यास्थ टकरी, म्हणजे ज्यांत नवे कण निघतात त्या सगळ्या, धरल्यात. यार्डातला कालचा हळकुंडाचा दर आजच्या कणीशी ताडून हळद उतरली म्हणण्यातला प्रकार.

१३ चा बिंदू हवाच असेल तर दोन्ही टोकं एकाच गटातली घ्या. सर्नच्याच अ‍ॅलिस प्रयोगाचे सगळ्या अप्रत्यास्थ टकरींचे आकडे ०.९ ला ३.०२ आणि १३ ला ५.३१ आहेत. ही रेघ वेगळ्या शाईने काढा. तिचा चढ ०.२१ च्या आसपास येईल.