उंचावरच्या सायकल ग्रुप राइडला निघण्याआधी

2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. रोज शंभर किलोमीटर मारणारा पठ्ठ्याही सुटत नाही. बरेचदा तोच आधी आडवा होतो, कारण पहिल्याच दिवशी जोर लावतो. म्हणून 3000 मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. चढावर शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा.

सामान वाटून घ्या. टायर एकाच मापाचे असतील तर ट्यूब एकमेकांना चालतात, पंप दोन पुरतात. डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) मात्र प्रत्येकाचा आपापला, कारण तो मॉडेलनुसार बदलतो. सायकल उजवीकडे आपटली की नेमका हाच वाकतो. मग सगळ्यात हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये अडकतो.

ब्रेक पॅड नवे टाका. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की पॅड तापतात, पकड जाते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

जोड्या आधीच ठरवा, कारण विरळ हवेमुळे होणारी डोकेदुखी लपवणारा एक तरी असतोच. रोज सकाळी जोडीदाराने विचारायचं: डोकं दुखतंय? मळमळतंय? दुखत असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी लगेच खाली उतरवा, तेही गाडीतून. सोबत जोडीदार हवाच.