शिक्षकाची नोकरी शोधताय? आधी पद बघा, आणि या चुका टाळा

शाळेतली नोकरी लागते ती मंजूर पदावर. संस्थाचालकांची ओळख, कुणाचं तरी पत्र, मुख्याध्यापकांनी दिलेला शब्द, या सगळ्याच्या आधी ते पद कागदावर असावं लागतं. डी.एड., बी.एड. करून चार-पाच वर्षं थांबलेली मुलं-मुली नेमकं एवढंच विचारायला विसरतात. खाली बऱ्याच चुका आहेत, पण सगळ्यात जास्त जागा याच चुकीला दिली आहे, कारण बाकीच्या सुधारता येतात, ही बहुतेकदा सुधारत नाही.

पद न बघता 'देणगी' भरणं

याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित शाळेत जागा निघाल्याचं नात्यातल्या कुणाकडून तरी कळतं. संस्थेचा माणूस सांगतो, सध्या पगार नाही, पण अनुदानाचा टप्पा (सरकार पगाराचा काही टक्के भाग द्यायला लागतं तो) आला की तुम्ही आपोआप आत. शेताचा तुकडा विकून किंवा दागिने गहाण ठेवून रक्कम रोखीत दिली जाते, पावती मिळत नाही. नियुक्तीपत्र मिळतं, पण त्यावर जावक क्रमांक नसतो. पुढची काही वर्षं महिन्याला दोन-चार हजार हातात पडतात, कधी तेही नाही. मग एक दिवस अनुदानाचा टप्पा येतो, संस्था वैयक्तिक मान्यतेचा (त्या शिक्षकाच्या नेमणुकीला शिक्षण विभागाच्या मंजुरीचा) प्रस्ताव पाठवते आणि शिक्षणाधिकारी कार्यालयातून तो त्रुटी लागून परत येतो. पद संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थीसंख्येवरून शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या यादीत, नाही. किंवा पद आहे, पण बिंदुनामावलीत, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं हे दाखवणाऱ्या तक्त्यात, ते दुसऱ्या प्रवर्गाचं आहे. किंवा जाहिरातच दिलेली नाही. किंवा नियुक्तीच्या तारखेला भरतीवर बंदी होती. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने घातलेल्या बंदीच्या काळातल्या नियुक्त्या अशाच वर्षानुवर्षं कोर्टात अडकल्या. तोवर उमेदवाराचं वय निघून गेलेलं असतं, आणि पैसे रोख दिलेले असल्याने दाखवायला काहीच नसतं.

'टप्पा येईलच' या वाक्यावर किती विसंबायचं, तेही बघा. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ मध्ये वगळला गेला. प्रत्यक्षात पहिले २० टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडलं. पुढच्या टप्प्याच्या निधीसाठी जुलै २०२५ मध्येही शिक्षक आझाद मैदानावर पावसात बसले होते. यात शिक्षकांचा काहीच दोष नाही, पण ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे त्याने हा कालावधी डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यावा.

होकार देण्याआधी हे कागद मागा: चालू वर्षाची संचमान्यता, मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली, पद भरण्याची शिक्षण विभागाची परवानगी, जाहिरातीचं कात्रण, संस्थेच्या सभेचा ठराव आणि शाळा अनुदानाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते दाखवणारं पत्र. 'आधी रुजू व्हा, मग दाखवतो' असं उत्तर आलं तर कागद नाहीत असंच समजा. अनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतली शिक्षण सेवकांची (सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकांची) भरती राज्य सरकारच्या पवित्र या ऑनलाइन पोर्टलवरून होते. अल्पसंख्याक संस्था नसूनही कुणी परस्पर नेमणूक देत असेल, तर ती कोणत्या नियमाखाली, हे लेखी विचारा.

संस्थेला विचारायला संकोच वाटत असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवा, कारण महाराष्ट्रातल्या नियमांत तशी मर्यादा आहे. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) घाला आणि फक्त संचमान्यतेची व मान्यता दिलेल्या शिक्षकांच्या यादीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. जी जागा तीस दिवस थांबू शकत नाही, तिच्यासाठी आयुष्यभराची पुंजी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या तारखेचं नियुक्तीपत्र तर अजिबात घेऊ नका. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बनावट शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या ऑनलाइन पगार प्रणालीतल्या ओळख क्रमांकांचं) प्रकरण बाहेर आलं, तेव्हा अधिकाऱ्यांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांची चौकशी लागली. पैसे देणं हाही गुन्हाच आहे, आणि सही तुमची असते.

टीईटी आणि टेट यांत गल्लत

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ही पात्रता. पहिली ते आठवीसाठी ती लागते, १५० गुणांची असते आणि खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आता आजीवन चालतं. टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही गुणवत्ता ठरवते. टीईटीला ९१ मिळाले काय आणि १२० मिळाले काय, पवित्रच्या यादीत टेटचेच गुण बघितले जातात. तरीही टीईटी झाल्यावर गुण वाढवायला पुन्हा टीईटीलाच बसणारे दरवेळी भेटतात. तो वेळ टेटला द्या.

टेट २०१७, २०२३ आणि २०२५ अशी तीनदाच झाली आहे. जाहिरात आल्यावर अभ्यास सुरू करू म्हणणाऱ्याला हाताशी काही आठवडेच उरतात. दोनशे प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यात १२० गुण अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरी प्रश्न कोरे सोडून येणारे आहेत. शेवटची चार मिनिटं फक्त उरलेले पर्याय भरण्यासाठी राखून ठेवा. सराव संगणकावर आणि घड्याळ लावूनच करा. छापील पुस्तकावर सोडवलेल्या पेपरने वेग येत नाही.

बी.एड. वाल्यांनी पहिली ते पाचवीच्या पेपरवर वेळ घालवू नये. बी.एड. ही प्राथमिकची अर्हता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला दिला आहे.

टीईटीत 'सेटिंग' होतं असं कुणी सांगितलं तर त्याला २०१९-२० ची परीक्षा आठवून द्या. त्या गैरप्रकारात ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, निकाल रद्द झाले, आणि त्यांत नोकरीला लागलेलेही होते.

पवित्रवर घाईने भरलेलं स्वप्रमाणपत्र

सायबर कॅफेत दुसऱ्याला पासवर्ड देऊन फॉर्म भरून घेण्याची सवय इतकी पक्की आहे की तिच्यावर कितीही बोललं तरी कमीच. स्वप्रमाणपत्र म्हणजे 'ही माहिती खरी आहे' असं तुम्ही स्वतः लिहून देणं. एकदा प्रमाणित केलं की दुरुस्ती फक्त मुदत उघडली तरच होते. चूक कळते ती निवडीनंतर, मूळ कागदपत्रांच्या पडताळणीला जिल्हा परिषदेत उभं असताना. मग पदवीचा मुख्य विषय वेगळा भरलेला निघतो, शिक्षणाचं माध्यम चुकीचं असतं, किंवा समांतर आरक्षणाच्या (माजी सैनिक, खेळाडू वगैरेंच्या) रकान्यात 'होय' झालेलं असतं आणि त्याचा दाखलाच नसतो. टेटला दीडशे गुण मिळवलेला उमेदवार अशा एका रकान्यामुळे घरी परत जातो आणि पुढच्या भरतीची वाट बघत बसतो.

सर्वाधिक नुकसान करणाऱ्या दोन गोष्टी आहेत: नॉन-क्रिमीलेअर आणि नाव. नॉन-क्रिमीलेअर काढलेलं असून उपयोग नाही. ते जाहिरातीत दिलेल्या तारखेला वैध असावं लागतं. दाखल्यावरचं 'पर्यंत वैध' एवढंच बघू नका, दिल्याची तारीखही बघा. आणि नाव: दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, बी.एड. च्या गुणपत्रकावर दुसरं, आधारवर लग्नानंतरचं तिसरं. यावर उपाय राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला. ही कामं भरती निघाल्यावर करायची नसतात. आजच दहावीचं प्रमाणपत्र समोर ठेवा आणि बाकी प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर अक्षर जुळवा, वेलांटीसकट.

फॉर्म भरण्याआधी सगळी माहिती मूळ कागदांवरून एका कोऱ्या कागदावर हाताने लिहून काढा. मग त्या कागदावरून फॉर्म भरा, प्रमाणित करण्याआधी छापून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. एक तास जातो, पण ज्यांनी हे केलं त्यांचं पडताळणीला सहसा अडलेलं नाही.

प्राधान्यक्रम अंदाजाने लावणं

'आमच्या जिल्ह्याचा कट-ऑफ वर जाईल, म्हणून तो खाली टाकला आणि लांबचा जिल्हा वर घेतला.' हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण यात उमेदवार स्वतःच स्वतःची जागा घालवतो. पोर्टल गुणवत्तेनुसार एकेका उमेदवाराकडे येतं आणि त्याच्या यादीत वरून खाली बघत जातं. जिथे त्याच्या प्रवर्गाची, विषयाची, माध्यमाची जागा शिल्लक असेल ती पहिली जागा त्याला मिळते, आणि खालचे पर्याय मग बघितलेच जात नाहीत. हवा असलेला जिल्हा वर ठेवल्याने खालच्या जिल्ह्यातली संधी कमी होत नाही, कारण तिथेही तुमचे गुणच बघितले जातात. म्हणून क्रम लावायचा तो फक्त एका प्रश्नावर: या दोन्ही जागा समोर असत्या तर मी कोणती घेतली असती?

'पुढे बदली करून घेऊ' हा हिशेबही धरू नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची सेवा जिल्ह्याची असते, आणि जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता तिथे शेवटून सुरू होते. जिथे वीस वर्षं राहायची तयारी नाही ते ठिकाण यादीत टाकूच नका. आणि यादी लॉक करा. लॉक न केलेला प्राधान्यक्रम विचारात घेतला जात नाही.

मुलाखतीचा पाठ

समितीसमोर भाषण करू नका. समोर मोठी माणसं बसलेली असली तरी त्यांना सातवीचा वर्ग समजून प्रश्न विचारा, फळ्यावर तारीख, विषय, घटक लिहा, एक अध्ययन निष्पत्ती (पाठ संपल्यावर मुलांना काय यायला हवं ते) ठरवा आणि तेवढीच गाठा. दहा मिनिटांत संपूर्ण धडा संपवणारे बरेच असतात. एक संकल्पना, दोन उदाहरणं आणि शेवटी एक छोटा स्वाध्याय एवढं पुरतं. खडू स्वतःचा न्या. प्रोजेक्टरवर विसंबू नका, वीज जाते.

मूळ प्रमाणपत्रं शाळेत ठेवणं

ठेवू नका. खासगी इंग्रजी शाळांत 'सत्र संपेपर्यंत जमा' म्हणून मागतात. साक्षांकित प्रती द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. पगार बँकेत जमा होऊन त्यातला काही भाग रोखीने परत मागितला, तर ती नोकरी पुढे काय होणार ते तेव्हाच कळतं.

नोकरी लागली आणि फाइल बंद झाली

शिक्षण सेवकाची तीन वर्षं असतात. मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. जानेवारी २०२३ पासूनचे हे दर आहेत. या तीन वर्षांत कागद जमवायचे असतात, पण नेमके तेव्हाच सगळे निर्धास्त होतात. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, मान्यतेचं पत्र, हजेरीपटाच्या प्रती आणि मूल्यमापन अहवाल असा संच घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नाही. दरवर्षी सेवापुस्तकातल्या नोंदी बघा. ज्येष्ठता यादी वाचल्याशिवाय सही करू नका. हरकत असेल तर तिथेच लिहा, कारण पदं कमी झाल्यावर कुणाला अतिरिक्त ठरवायचं हे बघताना तीच यादी काढली जाते.

अतिरिक्त ठरण्याची सुरुवात पटापासून होते. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट आणि त्यातले आधार जुळलेले विद्यार्थी धरले जातात. १५ मार्च २०२४ च्या निकषांत सहावी ते आठवीच्या गटात विद्यार्थी वीसपेक्षा कमी झाले की शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. गटात २१ मुलं आणि दोघांच्या आधारमध्ये जन्मतारीख वेगळी, एवढ्याने पद जाऊ शकतं. जून-जुलैतच पालकांना घेऊन आधार केंद्र गाठा. हे काम लिपिकाचं आहे असं म्हणून बसू नका, पद तुमचं आहे.

जुन्या शिक्षकांसाठी: १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाचपेक्षा कमी उरली असेल तर निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. पहिली संधी हुकवून दुसरीवर अवलंबून राहू नका.

कोऱ्या कागदावर सही

कोऱ्या कागदावर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही करणारे शिक्षक आजही आहेत. 'सगळ्यांनीच दिली आहे' हे कारण पुरेसं नाही. १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमात राजीनाम्याची पद्धत दिली आहे: दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि एक स्वतःकडे ठेवायची. अशी सही आधीच देऊन बसला असाल तर 'माझा राजीनामा देण्याचा कोणताही इरादा नाही' असं पत्र आजच रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोस्टाची पावती जपा.

आणि सेवा संपवल्याचा आदेश हातात पडला तर संस्थेच्या दारात महिनोन्‌महिने फेऱ्या मारू नका. शाळा न्यायाधिकरणात अपील करायला त्या दिवसापासून तीसच दिवस असतात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं, आणि 'अध्यक्षसाहेब बघू म्हणाले होते' हे कारण तिथे चालत नाही. आदेश न देताच हजेरीपटावर सही करू दिली नाही, तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून मुख्याध्यापकांना रजिस्टर पत्र आणि शिक्षणाधिकारी कार्यालयात आवक शिक्का मारून प्रत द्या. वकील दुसऱ्या दिवशी बघा.