एरर दिसत नाही आणि डीबगरही थांबत नाही, तेव्हा

अंधेरीला सीप्झमधल्या एका कंपनीत मी डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंगचं प्लॅटफॉर्म) काम करतो. टीममध्ये नव्याने आलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला: "दादा, स्क्रीनवर रक्कम शून्य येतेय. एरर नाही, काही नाही. ब्रेकपॉइंट कुठे लावू?"

ब्रेकपॉइंट म्हणजे चालता प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण. ती लावूच नका. बहुतेकदा आधीच्या कुणीतरी ट्राय-कॅच (चूक झाली तर प्रोग्रॅम न पाडता ती झेलायची सोय) घालून कॅचमध्ये मुकाट्याने शून्य परत केलेलं असतं. आमच्याकडे ही रक्कम एक्सेलमधून '१,२५,०००' अशी स्वल्पविरामांसकट यायची. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंट.पार्सला स्वल्पविराम चालत नाही, ते फॉरमॅटएक्सेप्शन नावाचं एक्सेप्शन, म्हणजे 'इथे चूक झाली' असा इशारा, फेकतं. कॅचने ते झेललं, की वरून सगळं आलबेल.

एक्सेप्शन फेकलं गेलं की त्याची खबर डीबगरला (प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) कॅचच्याही आधी लागते. ह्याला फर्स्ट चान्स म्हणतात. कुणीच झेललं नाही तर दुसऱ्यांदा खबर येते, तेव्हा प्रोग्रॅम पडायच्या बेतात असतो. पहिल्या खबरेला थांबायचं की नाही, हे आपण ठरवायचं.

व्हिज्युअल स्टुडिओत (डॉटनेटचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) कंट्रोल+ऑल्ट+ई दाबा. एक्सेप्शन सेटिंग्ज उघडेल. वरच्या सर्चमध्ये फॉरमॅटएक्सेप्शन शोधा, टिक करा आणि एफ५ दाबून प्रोग्रॅम चालवा. डीबगर थेट पार्सच्या ओळीवर थांबतो. मग कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी) बघा, खराब रक्कम कुठून आली ते तिथेच कळतं.

उत्साहाच्या भरात कॉमन लँग्वेज रनटाइमच्या, म्हणजे डॉटनेटच्या एक्सेप्शन्सच्या, अख्ख्या गटावर टिक मारू नका. फास्ट म्हणून पकडलेली विरार लोकल स्लो निघावी तसं होतं. ऑपरेशनकॅन्सल्डएक्सेप्शनसारखी (काम मध्येच रद्द केलं की येणारं) काही एक्सेप्शन्स रोजच्या कामकाजाचाच भाग असतात, त्यांच्यावर थांबून हाती काही लागत नाही. पसारा झालाच तर तिथल्याच बटणाने यादी डीफॉल्टवर आणता येते. एकच प्रकार दहा ठिकाणांहून येत असेल तर राइट क्लिक करून एडिट कंडिशन्समध्ये आपल्या मॉड्यूलचं (आपल्या कोडच्या .डीएलएल किंवा .ईएक्सई फाइलचं) नाव द्या. हे फारसं कुणी वापरत नाही, मला मात्र सगळ्यात कामाचं वाटतं.

ह्या टिका सोल्यूशनच्या .एसयूओ फाइलमध्ये (ज्याच्या-त्याच्या सेटिंग्ज ठेवणारी फाइल) राहतात आणि ती फाइल सहसा गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, टाकत नाहीत. त्यामुळे शेजारच्याच्या मशीनवर थांबतं आणि तुमच्याकडे नाही, असं झालं तर कोड उसवत बसण्याआधी दोघांच्या टिका ताडून पाहा.

व्हीएस कोडवाल्यांना हेच ब्रेकपॉइंट्सच्या पॅनेलमध्ये मिळेल: जावास्क्रिप्टला कॉट एक्सेप्शन्स, पायथॉनला रेझ्ड एक्सेप्शन्स.